ताटाच्या कडेची पार्सली

बिअट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेच्या १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या चित्रकथेत पीटर नावाचा उनाड ससा परक्या मळ्यात शिरतो. लेट्यूस, फरसबी, मुळे असे दिसेल ते खात सुटतो आणि पोटात ढवळू लागल्यावर पार्सली शोधायला निघतो. कथेत याचे स्पष्टीकरण नाही, कारण त्या काळच्या इंग्रज घरांत ते लागतच नव्हते. आपल्याकडे पोट बिघडले की ओव्याची आठवण होते, तशी तिथे पार्सलीची होई. पुढे त्याच विसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील हॉटेलांनी या पाल्याला वेगळीच कामगिरी दिली. मांसाच्या तुकड्याशेजारी कुरळ्या पार्सलीचा एक तुरा ठेवायचा, गिऱ्हाइकाने तो बाजूला सारायचा आणि वेटरने उष्ट्या ताटाबरोबर परत न्यायचा.

औषध किंवा शोभा. पार्सलीकडे पाहण्याच्या या दोन सवयी इतक्या मुरल्या आहेत की तिसरी शक्यता सहसा सुचतच नाही. मेथी-पालकासारखी जुडीच्या जुडी निवडून, धुऊन, चिरून खायची ही भाजी आहे, ही ती शक्यता. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर आणि इराणात ती कधीच विसरली गेली नव्हती. प्रस्तुत पुस्तक तिच्याच बाजूने उभे आहे.

मराठी माणसाची पार्सलीशी पहिली गाठ पुष्कळदा फसगतीतून पडते. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये नव्याने गेलेला विद्यार्थी दुकानातून कोथिंबीर समजून चपट्या पानांची जुडी उचलतो, घरी येऊन पोह्यांवर पेरतो आणि पहिल्याच घासाला काहीतरी बिनसल्याचे त्याच्या ध्यानात येते. वास हिरवा आहे, पण ओळखीचा नाही. चव किंचित कडसर, मिरमिरीत, आणि पान दाताखाली कोथिंबिरीपेक्षा चिवट. चूक अगदी अक्षम्य नाही, कारण दोघी एकाच कुळातल्या. गाजर, जिरे, बडीशेप, शेपू, ओवा आणि सेलरी याच कुळातले. छत्रीच्या काड्यांसारखा पसरणारा फुलोरा ही त्या कुळाची खूण.

लिनियसने १७५३ साली पार्सलीला सेलरीच्याच प्रजातीत बसवले होते आणि तिचे मूळ ठिकाण म्हणून सार्डिनिया बेटाची नोंद केली होती. नंतर तिची प्रजाती वेगळी झाली. आजचे शास्त्रीय नाव पेट्रोसेलिनम क्रिस्पम. झाड दोन वर्षांचे. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुबका आणि खाली सोटमूळ, दुसऱ्या वर्षी दांडा, फुलोरा, बी आणि शेवट. लागवडीत तिचे तीन ढोबळ गट पडतात. कुरळ्या पानांची पार्सली दिसायला देखणी आणि चवीला सौम्य. चपट्या पानांची, जिला बाजारात इटालियन म्हणतात, ती वासाला खमकी. स्वयंपाकी बहुधा हीच मागतात. तिसरी मुळासाठी वाढवली जाणारी. तिचे मूळ पांढऱ्या गाजरासारखे दिसते आणि जर्मनी, पोलंड, चेक प्रदेशांत सूपाच्या भाज्यांच्या जुडीत ते हमखास असते.

कुरळी जात युरोपात लोकप्रिय होण्यामागे देखणेपणाखेरीज आणखी एक कारण सांगितले जाते. सॉक्रेटिसला ज्या वनस्पतीचे विष देण्यात आले ती हेमलॉक याच कुळातली. तिची पाने आणि तिच्या आणखी एका विषारी बहिणीची पाने चपट्या पार्सलीसारखीच दिसतात आणि युरोपात दोघी बांधावर, पडीक जागी रानटी उगवतात. कुरळे पान मात्र कुणाशी चुकण्यासारखे नव्हते. रानभाज्या खुडण्याची आवड असलेल्या परदेशस्थ मराठी वाचकांनी एवढ्यापुरती सावधगिरी बाळगावी.

पार्सलीचा इतिहास लिहिणाऱ्यांना पहिली ठेच प्राचीन ग्रीसमध्ये लागते. नेमिया आणि इस्थमस येथील खेळांतील विजेत्यांना पार्सलीचा मुकुट घालत, असे असंख्य पुस्तकांत आढळते. प्लुटार्कने सांगितलेली टिमोलिऑन या सेनापतीची गोष्टही पार्सलीच्याच नावावर खपते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सिसिलीत त्याचे सैन्य लढाईला निघाले असता समोरून तो पाला लादलेली खेचरे आली. सैनिक चरकले, कारण थडग्यांवर त्याच पाल्याच्या माळा वाहत. टिमोलिऑनने प्रसंगावधान राखले. आपल्याकडे विजेत्यांना याच पाल्याचा मुकुट घालतात, असे म्हणून त्याने तो स्वतःच्या डोक्यावर चढवला, सैनिकांनीही त्याचे अनुकरण केले आणि लढाई जिंकली. गोष्ट झकास आहे, पण तिच्यातला पाला बहुधा रानटी सेलरीचा होता. पार्सलीच्या नावे फिरणारा बराचसा ग्रीक इतिहास हा असा बहिणीकडून उसना आणलेला आहे. या पुस्तकाने तो परत करून टाकला आहे, हे बरे झाले.

भक्कम जमीन लागते ती पहिल्या शतकातील डायोस्कोरिडिस या वैद्याच्या ग्रंथात. मॅसेडोनियातील खडकाळ जागी उगवणारी वनस्पती म्हणून तो पार्सलीची वेगळी नोंद करतो आणि लघवी साफ करणारी, पोटातील वात सारणारी असे तिचे गुण सांगतो. पुढची दीड हजार वर्षे युरोपातील वैद्य याच दोन गुणांची री ओढत राहिले. शार्लमेन या सम्राटाच्या जहागिरींसाठी सन ८०० च्या सुमारास निघालेल्या आज्ञापत्रात बागेत लावायच्या वनस्पतींची लांबलचक यादी आहे, तिच्यात पार्सली आहे. बाराव्या शतकातील जर्मन मठवासिनी हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन हिने हृदयाच्या दुखण्यावर वाइनमध्ये पार्सली उकळून, थोडे व्हिनेगर आणि भरपूर मध घालून घेण्याचा उपाय लिहून ठेवला. जर्मनीत हे पेय आजही बाटल्यांतून विकले जाते. सतराव्या शतकात लंडनच्या निकोलस कल्पेपरने सामान्य माणसाला परवडतील अशा औषधींचे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्यातही पार्सली पोटाला आराम देणारी आणि लघवी सोडवणारी म्हणून येते.

भारतात पार्सली वैद्यकाच्या वाटेने आली ती युनानीतून. ग्रीक ग्रंथ अरबीत गेले, अरबीतून पुढे सरकले, आणि फित्रासालियून या नावाने तिचे बी हकिमांच्या कपाटात पोहोचले. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत मात्र तिला स्थान नाही. हल्ली पार्सलीला अजमोदा ठरवून अजमोद्याचे सारे गुण तिच्या पदरात टाकले जातात. हे दोन वेगळे जिन्नस आहेत, आणि ती सरमिसळ पुस्तकाने टाळली आहे.

इथवरचा इतिहास सौम्य आहे. पार्सलीच्या बियांतून काढलेल्या तेलाचा इतिहास तसा नाही. १७१५ मध्ये लाइपझिगच्या हाइनरिख क्रिस्टोफ लिंक या औषधविक्रेत्याला पार्सलीच्या तेलात हिरवट स्फटिक सापडले. पुढे ॲपिऑल या नावाने ओळखला गेलेला पदार्थ तो हाच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये होमोल आणि झोरे यांनी त्याला औषधाच्या बाजारात आणले. आधी हिवतापावर क्विनाइनला पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहिले गेले, नंतर थांबलेली पाळी आणण्यासाठी. ‘थांबलेली पाळी आणणे’ याचा अर्थ विकणाऱ्याला आणि घेणारीला, दोघांनाही नीट ठाऊक होता. गर्भपाताला कायद्याने बंदी असलेल्या काळात ॲपिऑलच्या कॅप्सूल युरोप-अमेरिकेत राजरोस खपत होत्या. मोठ्या मात्रेत त्याने यकृत आणि मूत्रपिंड निकामी होई आणि गर्भाबरोबर बाईही जाई. १९३१-३२ च्या सुमारास तर नेदरलँड्स, जर्मनी आणि आसपासच्या देशांत या कॅप्सूल घेतलेल्या बायकांचे हातपाय लुळे पडू लागले. कॅप्सूलमध्ये ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेट या औद्योगिक रसायनाची भेसळ निघाली. अमेरिकेत १९३० मध्ये आल्याच्या अर्कातून हजारोंना पंगू करणारे रसायनही हेच होते.

हे जुने झाले म्हणून सोडून देता येत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये अर्जेंटिनाच्या सिनेटने गर्भपात कायदेशीर करणारे विधेयक फेटाळले आणि त्यानंतर काही दिवसांतच ब्यूनस आयर्स प्रांतात एक तरुण आई पार्सलीच्या देठाने गर्भपाताचा प्रयत्न करताना जंतुसंसर्ग होऊन दगावली. डिसेंबर २०२० मध्ये तिथे तो कायदा झाला. आरोग्यविषयक पुस्तकांत पार्सलीवर लिहिताना हे पान सहसा गाळतात. इथे ते आहे, आणि पुस्तकाची एक भूमिका त्यातूनच ठरली आहे. पान, देठ आणि मूळ हे अन्न; बी आणि तेल घरात औषध म्हणून वापरायचे नाही. गर्भवतीने ताटात चिरलेली पार्सली खायला हरकत नाही. पार्सलीचे तेल, बियांचा काढा आणि रोज पेलाभर रस यांपासून मात्र दूर राहावे.

जर्मनीच्या सरकारी तज्ज्ञ समितीने, जिला औषधी वनस्पतींच्या जगात ‘कमिशन ई’ म्हणतात, नेमकी हीच रेघ ओढली. पाला आणि मूळ यांना मूत्रमार्ग धुऊन काढण्यासाठी आणि मूतखड्याची बारीक रेती निघून जाण्यासाठी तिने मान्यता दिली, बियांना नाकारली. मूत्रपिंडाला सूज असताना पार्सलीचा औषधी वापर करू नये, हेही तिने सांगितले. लघवीच्या गुणाला प्रयोगशाळेतून काही आधार मिळतो. बेरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये उंदरांना पार्सलीच्या बियांचा अर्क पाण्यातून दिला, तेव्हा त्यांची लघवी वाढली आणि मूत्रपिंडातील क्षार परत शोषून घेणाऱ्या यंत्रणेवर परिणाम झालेला दिसला. पण ते उंदीर होते आणि तो अर्क होता. माणसांवरचे प्रयोग थोडे आणि लहान आहेत. मोबाइलवर फिरणारा ‘पार्सली उकळा, गाळा, प्या, किडनी स्वच्छ’ हा संदेश, ज्याची कोथिंबिरीची आवृत्ती प्रत्येक मराठी कुटुंबाच्या गटावर एकदा तरी येऊन गेलेली असते, तो या प्रयोगांच्या फार पुढे पळतो. ज्याची मूत्रपिंडे खरोखरच दुर्बळ आहेत त्याला डॉक्टर पोटॅशियम मोजून खायला सांगतात, आणि पार्सलीच्या १०० ग्रॅममध्ये ते साडेपाचशे मिलिग्रॅमच्या घरात असते. म्हणजे संदेश ज्याच्यासाठी लिहिला, त्यानेच तो पाळण्यात धोका.

मग पार्सलीत आहे तरी काय? अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम ताज्या पानांत क जीवनसत्त्व १३३ मिलिग्रॅम, लोह ६.२ मिलिग्रॅम, कॅल्शियम १३८ मिलिग्रॅम, फोलेट १५२ मायक्रोग्रॅम आणि के जीवनसत्त्व तब्बल १६४० मायक्रोग्रॅम असते. संत्र्याच्या तेवढ्याच वजनात क जीवनसत्त्व याच्या निम्म्याहून कमी. आकडे दिपवणारे आहेत, आणि आरोग्यपुस्तकांची लबाडी इथेच सुरू होते. १०० ग्रॅम पार्सली म्हणजे चांगली भरगच्च जुडी. सूपावर भुरभुरलेला मोठा चमचा भरतो ४ ग्रॅमच्या आसपास. त्यातून मिळते ५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि पाव मिलिग्रॅम लोह. शोभेच्या पार्सलीने पांडुरोग हटत नाही.

के जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी. कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यांना १९२९ च्या सुमारास स्निग्धांश काढून टाकलेल्या खाद्यावरच्या कोंबडीच्या पिल्लांत रक्तस्राव होताना दिसला आणि त्यातून रक्त गोठवणाऱ्या या जीवनसत्त्वाचा शोध लागला. त्यासाठी त्यांना एडवर्ड डॉइझी यांच्याबरोबर १९४३ चे नोबेल मिळाले. हिरवी पाने हा त्याचा मुख्य साठा आणि पार्सली त्या पानांत अग्रभागी. तो एक मोठा चमचासुद्धा साठेक मायक्रोग्रॅम देतो, आणि अमेरिकेत प्रौढ बाईला दिवसाला पुरेसे मानलेले प्रमाण ९० आहे, पुरुषाला १२०. हाडांच्या प्रथिनांनाही हे जीवनसत्त्व लागते. मात्र हृदयाची कृत्रिम झडप किंवा गुठळीच्या त्रासामुळे जे वॉरफेरिन वा असेनोकुमेरॉल घेतात, त्यांच्या औषधाचे काम म्हणजे याच जीवनसत्त्वाला अडवणे. अशा माणसाने एक दिवस वाडगाभर पार्सली खायची आणि पुढे आठवडाभर अजिबात नाही, असे केले तर रक्ततपासणीचे आकडे वरखाली होतात. खायची तर रोज साधारण सारखी, आणि डॉक्टरांना सांगून. पुस्तकातील ही सूचना कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाही, याचे कौतुक वाटते.

वैज्ञानिकांना पार्सलीत आणखी रस आहे तो ॲपिजेनिन या द्रव्यामुळे. त्याचे साखरेशी जोडलेले रूप, एपिन, ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने १८४३ मध्येच वेगळे केले होते. वाळवलेली पार्सली हा ॲपिजेनिनचा सर्वांत श्रीमंत ज्ञात स्रोतांपैकी एक. परीक्षानळीत ते पेशींची जळजळ आणि गाठींची वाढ रोखताना दिसते; माणसाने पार्सली खाल्ल्यावर मात्र त्यातले फार थोडे रक्तात उतरते. ‘कॅन्सरवर पार्सली’ असे मथळे या दोन वाक्यांमधल्या अर्धविरामावर उभे असतात.

आता स्वयंपाकाकडे वळावे, कारण पार्सलीचे खरे वैभव तिथे आहे.

लेबनॉन आणि सीरियात तबूलेह हे तिचे सिंहासन. चपटी पार्सली सुरीने अगदी बारीक चिरलेली, थोडा पुदिना, टोमॅटो, कांदा, मूठभर भिजवलेला बारीक दलिया, भरपूर लिंबू आणि ऑलिव्ह तेल. यात दलिया नावापुरता आणि पार्सली मनसोक्त असावी लागते. युरोप-अमेरिकेच्या दुकानांत डब्यातून मिळणाऱ्या तबूलेहमध्ये हे प्रमाण नेमके उलटे असते, आणि त्यावरून लेबनॉनच्या माणसाचा पारा चढतो. तिथे जुलैच्या पहिल्या शनिवारी राष्ट्रीय तबूलेह दिन साजरा करतात. २००९ मध्ये बेरूतमध्ये साडेतीन टनांहून जास्त तबूलेह करून जागतिक विक्रमही नोंदवला गेला. पोषणाच्या अंगाने पाहिले तर हा पदार्थ मोठा शहाणा आहे. पानांतले लोह शरीराला सहजी मिळत नाही, क जीवनसत्त्वाने त्याचे शोषण सुधारते, आणि इथे तर लिंबू मुक्तहस्ते. ॲपिजेनिनचे नावही न ऐकलेल्या बायकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या जमवले.

इराणात पार्सली शिजते. घोरमे सब्जी या कालवणात पार्सली, कोथिंबीर, कांद्याची किंवा लीकची पात आणि मेथी यांचा ढीग चिरून, तेलात गडद हिरवा होईपर्यंत परतून, मग मांस, राजमा आणि वाळवलेली लिंबे घालून तासन्‌तास रटरटवतात. तिथे हा पाला किलोवर विकत घेतला जातो. नवरोजला होणाऱ्या कुकू सब्जीमध्ये हाच चिरलेला पाला भरपूर आणि अंडी त्याला बांधून ठेवण्यापुरती. मेथी आणि कोथिंबीर ज्याच्या हाताला सरावाची आहे अशा मराठी स्वयंपाक्याला पार्सलीकडे जायचा सगळ्यात सोपा रस्ता पॅरिसवरून नव्हे, तेहरानवरून जातो, हे या पुस्तकातले मला सर्वांत पटलेले निरीक्षण.

फ्रेंचांनी तिला शिस्त लावली. तमालपत्र आणि थाइमबरोबर पार्सलीचे देठ दोऱ्याने बांधून रश्शात सोडायचे आणि वाढण्याआधी जुडी काढून टाकायची, ही त्यांची पद्धत. लसणाबरोबर चिरून शेवटी पेरायची, ही दुसरी. मिलानमध्ये पार्सली, लसूण आणि लिंबाची किसलेली साल एकत्र करून वासराच्या मांसावर घालतात. सगळीकडे तोंड घालणाऱ्या माणसाला इटालियन लोक पार्सलीची उपमा देतात, यावरून तिथल्या तिच्या संचाराची कल्पना यावी. पूर्व लंडनच्या जुन्या खाणावळींत ‘पाय’ (pie) आणि कुस्करलेल्या बटाट्यावर पार्सलीचा हिरवा सॉस ओततात, तो मूळचा वाम मासा शिजवलेल्या पाण्यातला. फ्रँकफर्टचा हिरवा सॉस सात पाल्यांचा, पार्सली त्यांपैकी एक. २०१६ पासून त्याला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. मोरोक्कोच्या रमजानातील हरीरा सूपात पार्सली आणि कोथिंबीर शेजारी शेजारी नांदतात. अर्जेंटिनाचा चिमिचुरी, ब्राझीलच्या बाजारातली पार्सली आणि कांद्याच्या पातीची जोडजुडी, यादी वाढवावी तेवढी वाढेल.

पोर्तुगीजांच्या घरी पार्सली आणि कोथिंबीर दोन्ही आहेत. गोव्याच्या काफ्रिआलचा हिरवा मसाला मात्र कोथिंबिरीचाच. जिथे कोथिंबीर बारमाही उगवते तिथे पार्सलीला कोण विचारणार, असा साधा हिशेब असावा.

मराठीशी तिचा एक जुना, अनपेक्षित धागा धार्मिक आहे. ज्यूंच्या पेसाह सणाच्या पहिल्या रात्रीच्या भोजनात सुरुवातीलाच एखादी हिरवी भाजी मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून खातात. मीठपाणी गुलामगिरीतल्या आसवांचे प्रतीक. अनेक घरांत ही भाजी पार्सली असते. या विधीचे पुस्तक, हगादा, कोकणातल्या बेने इस्राएल समाजासाठी मराठी भाषांतरासह छापले गेले, १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत पेसाहच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगड्यांत आहेत.

आज हा विषय मराठीत आणायला निमित्त आहे. पुण्या-मुंबईच्या मंडयांत ‘एक्झॉटिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाळ्यांवर ब्रोकोली, झुकिनीच्या शेजारी पार्सली नित्याची झाली आहे. शेडनेट आणि पॉलिहाऊसवाले शेतकरी ती हॉटेलांसाठी घेतात. घरी मात्र ती पिझ्झ्यावरच्या चिमटीपुरती येते, उरलेली जुडी फ्रिजमध्ये पिवळी पडते. दुसरीकडे परदेशातल्या मराठी घरांत उलटा प्रश्न. काही माणसांना कोथिंबिरीत साबणाचा वास येतो. २०१२ मध्ये झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासाने त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी जोडला. नाक मुरडणारे मूल घरात असेल तर पार्सली हा चांगला तोडगा, कारण तिच्या वासाची द्रव्ये वेगळी आहेत. आमटीत कोथिंबिरीची जागा ती घेऊ शकत नाही, हे कबूल करावे. थालीपिठात, धपाट्यात, काकडीच्या कोशिंबिरीत ती शोभते. तिचा वास उडून जाणारा, म्हणून कच्ची किंवा गॅस बंद करताना घालावी, इराणी पद्धतीने मुद्दाम शिजवायची नसेल तर.

कच्ची म्हटले की धुण्याचा प्रश्न येतो. १९९८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिका आणि कॅनडातील उपाहारगृहांत जेवलेल्या शेकडो लोकांना शिगेला जंतूंची हगवण लागली. माग काढता काढता तपास मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियातील एका शेतापाशी पोहोचला. तिथे पार्सली गार करायला आणि बर्फाला वापरलेले पाणी क्लोरिन न घातलेले होते. स्वयंपाकघरांतही ती सकाळीच चिरून तासन्‌तास बाहेर ठेवली जात होती, आणि चिरलेल्या पानावर जंतू झपाट्याने वाढतात. घरी जुडी सुटी करून दोन-तीन पाण्यांतून काढावी आणि लागेल तेवढीच, लागेल तेव्हा चिरावी.

घरी लावणे त्याहून बरे. पार्सली उगवायला इतकी आळशी की बी सातदा सैतानाकडे जाऊन येते, असे इंग्लंडात म्हणत. ती गुड फ्रायडेलाच पेरावी, तिची जागा बदलू नये, असे आणखी बरेच तिच्याभोवती जमले होते. उशिरा उगवण्यामागचे कारण साधे. या कुळातील बियांतला गर्भ अपुरा वाढलेला असतो आणि त्याला आधी आतल्या आत वाढावे लागते. तीन ते चार आठवडे वाट पाहण्याची तयारी ठेवावी. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरून, माती कधीही कोरडी पडू न देणे, एवढेच हातात असते. जुने बी रुजत नाही, म्हणून पुडीवरचे वर्ष पाहून घ्यावे. सोटमूळ असल्याने कुंडी वीतभर तरी खोल हवी.

महाराष्ट्राच्या देशावर ती थंडीचे पीक मानावी. पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरले तर जानेवारीपासून खुडणी सुरू होते. एप्रिलच्या उन्हात अर्धी सावली लागते आणि पावसाळ्यात पाणी साचले की मूळ कुजते. खुडताना मधला कोवळा कोंब सोडून बाहेरचे देठ बुडापासून काढावेत, म्हणजे कोथिंबिरीसारखे एकदा उपटून संपत नाही. एक कुंडी तीन-चार महिने पुरते. मावा पडतो, त्याला पाण्याचा जोरदार फवारा बहुधा पुरतो. दिवसभर उन्हात हातांनी मोठी तोडणी करणाऱ्यांच्या त्वचेवर चट्टे उठू शकतात, कारण या कुळाच्या रसातील काही द्रव्ये सूर्यप्रकाशात त्वचा भाजतात. शेतावर हातमोजे असावेत.

या साऱ्या पसाऱ्यातून पुस्तकाने आपली वाट आखून घेतली आहे. ते वैद्यकाचे पुस्तक नाही आणि तसा आव आणत नाही. त्यातल्या पाककृतींत पार्सली चमच्याने मोजलेली नाही, जुडीने मोजलेली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी माणशी किती ग्रॅम पोटात जाते हे दिले आहे, जेणेकरून पोषणाचे आकडे वाचकाला स्वतः ताडून पाहता यावेत. लागवडीचा भाग कोकण, देश आणि घाटमाथा यांच्या हवामानाप्रमाणे वेगळा केला आहे. परदेशातल्या खिडकीत कुंडी ठेवणाऱ्यासाठी स्वतंत्र पाने आहेत. बियांचे काढे, तेल आणि रसाचे ‘डिटॉक्स’ यांना मुद्दाम जागा दिलेली नाही. कुठल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाण्यातली पार्सली वाढवू नये, हे मात्र पाककृतींच्या आधीच सांगितले आहे.

एक उणीव नोंदवायला हवी. मुळाच्या पार्सलीला इथे फार थोडी पाने मिळाली आहेत. पोलंड आणि जर्मनीच्या सूपांत तिचे काम मोठे आहे, पण तिला खोल भुसभुशीत जमीन आणि लांबलेली थंडी लागते, आणि बी आपल्याकडे सहज मिळत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला कुणी तिचा एखादा वाफा करून पाहिला, तर पुढच्या आवृत्तीसाठी तेवढा मजकूर तयार होईल.